रेषेपलीकडे गेलेला ठिपका

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

परवा मास्तर घरी येऊन गेले. म्हणजे ह्यांचे प्रकल्पप्रमुख. हातात खडू असल्यासारखं बोलतात म्हणून ह्यांच्यासकट सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. चहा घेतला, सासूबाईंची चौकशी केली, ह्यांच्या फोटोकडे बघायचं टाळलं. मग म्हणाले की चाचणी फेब्रुवारीत ठरली आहे आणि ह्यांनी जाण्याआधी स्वतः तपासून बंद केलेला डबाच त्यात बसवणार आहेत.

मला बरं वाटलं. कुणालातरी सांगावंसं वाटलं, म्हणून सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "डबा म्हणजे नेमकं काय गं? इतकी वर्षं ऐकतेय." मी म्हटलं, क्षेपणास्त्राला आपण कुठे आहोत आणि कुठे चाललो आहोत हे त्याच्यामुळे कळतं.

"म्हणजे डोळे?"

"डोळे नाहीत. डोळे मिटून घरात चाललो तरी भिंत कुठे आली हे आपल्याला कळतं ना, तसं."

"मग माझा मुलगा अंधारात रोज त्याच दाराला कसा आपटायचा?"

आम्ही दोघी हसलो. ऑगस्टमध्ये हे गेले, त्यानंतर पहिल्यांदा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मास्तर जाताना बुटांच्या नाड्या बांधत होते. मान खाली घालून, जणू बुटालाच सांगत असल्यासारखं म्हणाले, "या वेळी सुरक्षा कक्षात तुमचे बंधू आहेत."

हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मला ते मास्तरांच्या तोंडून का कळावं?

तुला माहीत आहे, आधीची दोन्ही उड्डाणं वाकडी गेली. आता हेही गेलं तर डबा बाहेरच्या देशाकडून घ्यायचा, त्यांच्या अटींवर, असं वर ठरल्यात जमा आहे. मग ह्यांची सगळी वर्षं कुठल्यातरी गोदामात जातील. मला बाकी काही नको आहे. तेवढं जाऊ नये.

तब्येत सांभाळ.

ताई

२३ नोव्हेंबर

ताई,

खरं आहे. सांगायचं होतं. दोनदा लिहायला बसलो आणि हवापाण्याविषयी लिहून पान फाडलं.

चाचणीच्या काळात आमचे फोन गेटवर जमा असतात आणि पत्रं उघडून वाचतात, त्यामुळे बेताचंच लिहितो. वाचणारे गृहस्थ सज्जन आहेत. मागच्या महिन्यात मला म्हणाले, "साहेब, गुपितं सोडा, तुमचं अक्षर आधी सुधारा."

तुला पुढचं कसं सांगावं कळत नाही, म्हणून सरळ सांगतो. ज्याचा नातेवाईक प्रकल्पात आहे त्याला त्या चाचणीला सुरक्षा कक्षात बसवत नाहीत, असा इथला नियम आहे. म्हणून भावोजींच्या दोन्ही उड्डाणांना मी बाहेर होतो. या वेळी नेमणुकीच्या कागदावर माझं नाव पाहिलं तेव्हा चूक झाली असेल असं समजून मी आमच्या कक्षाच्या प्रमुखांकडे गेलो. ते खूप वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मग म्हणाले, "आता तो नियम लागू होत नाही."

मी कागद घेऊन परत आलो. काय बोलणार? कागदाच्या हिशेबाने ते बरोबर होते.

माझं काम तुला ढोबळ माहीत आहे. शाळेच्या मुलांना सहलीत दाखवतात तेवढं लिहायला हरकत नसावी. माझ्यासमोर पडद्यावर नकाशा असतो. त्यावर एक ठिपका सरकतो. या क्षणी क्षेपणास्त्राचं इंजिन बंद पडलं तर ते कुठे पडेल, ती जागा म्हणजे ठिपका. दोन्ही बाजूंना रेषा आहेत. ठिपका रेषेच्या आत असेपर्यंत माझे हात मांडीवर. रेषा ओलांडली की कळ दाबायची. क्षेपणास्त्र हवेतच फुटतं आणि तुकडे समुद्रात पडतात.

डाव्या रेषेच्या पलीकडे वाळूच्या पट्ट्यावर कोळ्यांची वस्ती आहे.

आणखी एक इथली रीत सांगतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. चाचणीची तयारी सुरू झाली की आम्ही सुरक्षावाले प्रकल्पाच्या लोकांबरोबर जेवत नाही. जेवण एकाच कढईतलं, पण टेबल वेगळं. ज्याच्या ताटातलं मीठ खाल्लं त्याचं काम फोडताना हात अडखळू नये, म्हणून कुणीतरी कधीकाळी पाडलेली पद्धत आहे. मास्तर समोरून आले तर खिडकीबाहेर बघतात. मी पण बघतो. खिडकीबाहेर फक्त पाण्याची टाकी आहे.

तेव्हा ताई, चाचणी होईपर्यंत मला याबद्दल काही लिहू नकोस. काही मागू नकोस.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

धाकटा

५ डिसेंबर

धाकट्या,

मागू नकोस म्हणालास म्हणून चार दिवस गप्प बसले. तुला माहीत आहे, गप्प बसणं मला जड जात नाही. हे जड गेलं.

नियम लागू होत नाही म्हणजे काय? हे गेले म्हणून तुझे कोणी उरले नाहीत? सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं नाही. तूही कधी बोलू नकोस.

आज प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याच्या बाटल्या तपासल्या. एका गावच्या विहिरीचा नमुना तीन वेळा केला, कारण प्रत्येक वेळी आकडा लिहायच्या आधी तुझं पत्र आठवत होतं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, ते पाणी आता वाफ होऊन जाईल, लिहा काहीतरी."

मला मागू नकोस म्हणालास, तरी एकच गोष्ट मागते. मागच्या उड्डाणानंतर हे घरी आले तेव्हा जेवले नाहीत. ओट्याजवळ उभे राहिले. म्हणाले, "डबा वळवत होता. वळायला लागलं होतं. जरा थांबला असता तर आत आलं असतं." कोण थांबला असता ते त्यांनी सांगितलं नाही. कुणालाही दोष दिला नाही, मास्तरांसमोरसुद्धा नाही. पण शेवटपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं. रात्री झोपेत हात वळवायचे, गाडी चालवत असल्यासारखे.

त्यांनी हे सगळं कसं उभं केलं ते तू पाहिलं आहेस. बाहेरच्यांनी विकायला नकार दिला तेव्हा इथे कुणाला गोळीएवढं बेअरिंगही धड करता येत नव्हतं. सुरुवातीचा डबा टेबलावर ठेवला तरी मी फिरतोय असं सांगायचा. हे त्याला घरी दारुडा म्हणायचे. धुळीचा एक कण गेला तर महिन्याचं काम वाया, म्हणून त्यांनी अंगाला पावडर लावणं सोडलं, आणि त्यांच्या कपड्यांना लागू नये म्हणून मीही सोडलं. आमच्या घरात पावडरचा डबा परत आला नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या संसारातली मजाच होती ती.

तर माझं मागणं एवढंच. रेषा ओलांडली तरी लगेच दाबू नकोस. दोन श्वास थांब.

ताई

१२ डिसेंबर

ताई,

नाही.

हे पत्र एवढ्यावरच संपवणार होतो. मग वाटलं, तू मला लहानपणी सायकल शिकवलीस, तुला एवढं तरी सांगायला हवं.

दोन श्वास तू म्हणतेस तेव्हा तुला ते थोडे वाटतात. तेवढ्यात ठिपका वस्तीवरून पुढेही निघून जाईल. चाचणीच्या दिवशी वस्तीतली माणसं आतल्या बाजूच्या शाळेत छावणीत नेतात, पण सगळी जात नाहीत. मी रेषा आखायच्या वेळी तिथे गेलो होतो. एका घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. त्यांच्या मुलाने मला सांगितलं, "दर वेळी उचलून न्यायचं, परत आणायचं, त्यांना सोसत नाही. मी थांबतो त्यांच्याजवळ." अधिकाऱ्यांच्या कागदावर ते घर रिकामं आहे.

रेषा आखताना कोण कुणाचा हे बघितलं नव्हतं. आता मी बघायला लागलो तर मी त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही.

भावोजींबद्दल जे लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. वाचून फार त्रास झाला. ज्याने त्या वेळी कळ दाबली तो माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. त्याने नंतर बदली मागून घेतली. कारण विचारलं नाही कुणी.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

धाकटा

२० जानेवारी

धाकट्या,

मास्तरांनी चाचणीच्या दिवशी पाहुण्यांच्या सज्जात बसायचा पास पाठवला आहे. माझ्या नावाचा एक, सासूबाईंच्या नावाचा एक. सासूबाई म्हणाल्या, "मला दिव्याच्या वातीकडे बघवत नाही, आग कसली बघू? तू जा."

इथे सगळं ठीक आहे.

ताई

२७ जानेवारी

ताई,

अवश्य ये. फक्त त्या दिवशी मला शोधू नकोस आणि दिसलो तर बोलू नकोस. आदल्या दिवसापासून आम्हाला कुणाशीच बोलायची मुभा नसते. सज्जात उजवीकडे बस, तिथे ऊन येत नाही. शाल आण, वारा फार असतो.

तू रागावली आहेस का, ते चार ओळींवरून कळत नाही. तुझ्या चाळीस ओळींवरूनही कळलं नसतं म्हणा.

धाकटा

१६ फेब्रुवारी

ताई,

तू सगळं पाहिलंच आहेस. तरी माझ्या तोंडून तुला सांगायला हवं.

उड्डाण चांगलं झालं. बराच वेळ ठिपका दोन रेषांच्या मधोमध चालत होता, इतका सरळ की माझ्या शेजारचा सहकारी पुटपुटला, "हा तर रुळावरून चाललाय." मला भावोजींचा चेहरा आठवला. तेवढंच, पुढे मी काही आठवू दिलं नाही.

मग ठिपका डावीकडे सरकायला लागला. आधी हळू. नंतर हळू नाही. ठिपका रेषेवर आला, पलीकडे गेला आणि मी कळ दाबली.

थांबलो नाही. तुझं मागणं मला त्या क्षणी आठवलं होतं, हे मात्र तुझ्यापासून लपवत नाही. आठवलं आणि हात खाली गेला, दोन्ही एकदमच झालं.

बाहेर आलो तेव्हा सज्जातली माणसं उठून चालली होती. उजव्या बाजूला शालीतली एक बाई पाठमोरी उभी होती. तू असशील असं वाटून मी उभा राहिलो. तिने वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. मग मुद्दामच वळली नसशील असं मनात आलं, आणि ते बरोबरच होतं असंही वाटलं.

मास्तर जिन्यात भेटले. या वेळी खिडकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "जेवलास का?" एवढंच विचारलं. आता चाचणी झाली होती, विचारायला हरकत नव्हती.

चौकशी समिती बसली आहे. डब्याचं काय होणार ते तिच्यावर आहे. कळेल तसं लिहीन.

धाकटा

२९ मार्च

ताई,

तुझं पत्र नाही. मी समजू शकतो.

समितीचं काम झालं. मला जेवढं लिहायची परवानगी आहे तेवढं लिहितो, बाकी मास्तर येऊन सांगतील. डबा निर्दोष होता. बिघाड शेपटीच्या एका पंखात झाला. पंख अडकला म्हणून क्षेपणास्त्र डावीकडे गेलं. डब्याला ते ताबडतोब कळलं आणि तो उरलेल्या पंखांना सारखा सांगत राहिला, वळा, वळा. शेवटच्या नोंदींत दिसतं की ते वळायला लागलं होतं. समितीतले एक वयस्क सदस्य म्हणाले, इतक्या वाईट अवस्थेत इतकं शुद्धीवर राहिलेलं यंत्र त्यांनी पाहिलेलं नाही. बाहेरून घ्यायचं आता रद्द झालं आहे. डबा भावोजींचाच राहणार. पुढची चाचणी वर्षअखेरीस.

तुला हवं होतं ते झालं. मला याहून जास्त आनंद व्हायला हवा होता.

ताई, ते वळत होतं. आत आलं असतं का? समिती म्हणते, सांगता येत नाही. कदाचित आलं असतं, कदाचित वस्तीच्या पलीकडे जाऊन वळलं असतं, कदाचित वस्तीतच. मला सगळे सांगतात की तू नियमाने वागलास. अहवालातही तसंच लिहिलं आहे. पण मी झोपायला गेलो की ठिपका परत येताना दिसतो. भावोजी जे ओट्याजवळ उभे राहून म्हणाले ते आता माझ्याबद्दल खरं झालं आहे.

मी प्रमुखांना सांगणार आहे की मला त्या खुर्चीतून मोकळं करा. हवामान विभागात जागा आहे. फुगे सोडायचे, वारा मोजायचा. फुगा फुटला तरी कुणाचं आयुष्य वाया जात नाही. पुढच्या चाचणीला दुसरा कुणी बसेल, ज्याला भावोजी माहीतच नव्हते असा.

अर्ज सोमवारच्या आत द्यायचा नाही असं ठरवलं आहे. तुला एकदा कळवून मगच, म्हणून.

धाकटा

८ एप्रिल

धाकट्या,

अर्ज दिला नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत देऊ नकोस. दिला असशील तर परत घेता येतो का ते विचार.

सज्जातली ती बाई मी नव्हते.

मी पास मास्तरांकडे परत पाठवला होता. तुला कळवलं नाही, कारण काय कळवायचं ते मलाच ठरवता येत नव्हतं. तुझं डिसेंबरचं पत्र आल्यापासून ते आजोबा माझ्या डोक्यात होते. तू 'नाही' लिहिलंस त्याचा राग आला होता, आणि आजोबांमुळे तो नीट करताही येत नव्हता. तुला माहीत नसेल, पण दर चाचणीला छावणीतल्या टाक्यांचं पाणी आमची प्रयोगशाळा तपासते. इतकी वर्षं ती पाळी मी घेतली नाही. हे चाचणीवर असताना मला घरी फोनजवळ राहायचं असायचं. या वेळी मी ती मागून घेतली.

म्हणून त्या दिवशी मी शाळेत होते. वर्गात बाकं एकावर एक रचून ठेवलेली, माणसं खाली सतरंज्यांवर. कुणी भांडी आणलेली, कुणी जाळं शिवत बसलेलं, कोपऱ्यात एक बकरी, तिच्यावरून दोन बायकांचं भांडण. मी टाक्यांतून नमुने घेतले. पाणी चांगलं होतं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून व्हरांड्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसले.

त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "नवीन दिसता. दरवेळी तो खोकणारा येतो."

"त्याच्या जागी मी आले."

"घाबरलात?"

मी हो म्हटलं. कशाला घाबरले ते सांगितलं नाही.

"घाबरू नका. तिकडे एक कापणारा बसलेला असतो," त्या म्हणाल्या. वस्तीत तुम्हाला कापणारा म्हणतात, तुला माहीत होतं का? क्षेपणास्त्राचं नाव त्यांना माहीत नव्हतं, ते कुणी केलं, कुठून कुठे जाणार, काहीच नाही. पण कापणारा माहीत होता. "इकडे यायला लागलं की तो कापतो. तो जागा असला म्हणजे झालं."

मग आकाशात उजेडाची रेघ उठली. सगळे व्हरांड्यात आले. मी ती रेघ बघत होते आणि मनात म्हणत होते, सरळ जा, सरळ जा. ह्यांचे हात झोपेत वळायचे तसे माझे हात वळत होते की काय कोण जाणे; म्हातारीने माझं मनगट धरलं. रेघ आमच्या बाजूला वाकली. एका बाईने "अगं बाई" म्हटलं. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी होती, ती वस्तीच्या दिशेने पळत सुटली. दोघांनी तिला धरून आणलं. तिचा नवरा आणि सासरा घरी राहिले होते. आजोबांचं घर तेच.

आणि मग रेघेच्या टोकाला फूल फुटल्यासारखा उजेड झाला. आवाज बऱ्याच वेळाने आला.

म्हातारी म्हणाली, "कापलं. चला, आवरा." लगेच माणसं सतरंज्या झटकायला लागली. बकरीचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. ती मुलगी भिंतीला टेकून बसली आणि हसायला लागली, मग रडायला लागली, कुणीतरी तिला पाणी दिलं. माझ्या टाकीतलं.

मी नळाजवळ जाऊन हात धुतले आणि तिथेच उभी राहिले. ह्यांचं सगळं गेलं असंच तेव्हा मला वाटत होतं. डबा शाबूत ठरणार आहे हे कुणाला माहीत होतं? रडू आलं. पण तू थांबला असतास तर बरं झालं असतं, असं नाही वाटलं. मनात आणून बघितलं, आणता आलं नाही. दोन श्वास मागितले होते ते मी त्या नळापाशीच परत घेतले. तुला लिहायला इतके दिवस लागले, कारण ह्यांना आधी सांगायचं होतं आणि त्यांना सांगायचं कसं हे मला कळत नव्हतं.

हे असते तर काय म्हणाले असते ते मी तुला सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. ते वळत होतं याचं त्यांना वाईट वाटलं असतं. त्या मुलीला बघून त्यांना काय वाटलं असतं तेही मला माहीत आहे. दोन्ही मिळून काय, ते नाही सांगता येत.

ज्याला हे माहीतच नव्हते असा कुणी बसेल, असं तू लिहिलंस. बसेलही, आणि वेळेवर कापेलही. पण काय कापतो आहे हे त्याला कळणार नाही. मला ते चालणार नाही.

म्हातारी गाठोडं बांधून माझ्याजवळ आली. "बाई, तुमचं कोणी तिकडे कामाला आहे का? एवढं रडलात म्हणून विचारते."

तुला माहीत आहे, मी अनोळखी माणसाला घरचं कधी सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, "ज्याने कापलं तो माझा भाऊ."

तिने आभार वगैरे मानले नाहीत. गाठोडं काखोटीला मारलं, वस्तीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "पुढच्या खेपेलाही तोच असेल ना?"

मी हो म्हणाले आहे.

ताई